ब्रिटिश संसदेचा दगड: चार तज्ज्ञ, शंभर खाणी आणि लंडनचा धूर

१.
काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली, की सकाळी तिथे पांढुरका डाग उमटलेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तसा डाग पडत नाही. कडप्पा हा चुनखडक आहे आणि आम्ल चुनखडकाला खाते, हे त्याचे कारण. भूशास्त्राचा अभ्यासक डोंगरात खडकावर आम्लाचा थेंब सोडतो, तेव्हा तो हीच क्रिया मुद्दाम घडवत असतो. मात्र सगळेच चुनखडक त्या थेंबाला सारखे उत्तर देत नाहीत. हा फरक एकोणिसाव्या शतकात ठाऊक होता, प्रयोगशाळेत मोजलाही गेला होता. तरीही त्या काळातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या संसदभवनाचा दगड इमारत पूर्ण होण्याआधीच झडू लागला. हा धागा त्या दगडाविषयी. 🧵

२.
१६ ऑक्टोबर १८३४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यात हिशेबाच्या जुन्या, निरुपयोगी झालेल्या लाकडी कांड्या भट्टीत जाळल्या जात होत्या. त्या भट्टीची आग पसरली आणि रात्रीतून संसदेची बहुतेक इमारत भस्मसात झाली. मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉल मात्र बचावला. नव्या भवनासाठी स्पर्धा झाली आणि १८३६ मध्ये चार्ल्स बॅरी यांचा आराखडा निवडला गेला. आराखडा गॉथिक शैलीचा होता. कमानी, कळस, पुतळे आणि बारीक कोरीवकाम यांनी भिंतीचा इंच न् इंच भरणार होता. त्यामुळे छिन्नीखाली सहज यावा इतका मऊ आणि शतकानुशतके टिकावा इतका कणखर, असा दगड हवा होता.

३.
अडचण अशी, की लंडन शहर चिकणमातीवर वसलेले आहे. त्याच्या आसपास बांधकामाचा उत्तम दगड मिळत नाही. तो नेहमीच दुरून आणावा लागे आणि त्याचा अनुभव संमिश्र होता. पोर्टलंडच्या दगडातील सेंट पॉल कॅथेड्रल डौलाने उभे होते. दुसरीकडे वेस्टमिन्स्टर ॲबीतील सातव्या हेन्रीच्या चॅपलचे बाह्यांग इतके झिजले होते, की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते नव्या दगडाने मढवावे लागले. नव्या संसदेच्या समोरच हे उदाहरण उभे होते. म्हणून सरकारने यावेळी दगडाची निवड परंपरेवर किंवा कंत्राटदारावर न सोडता शास्त्रावर सोपवली.

४.
१८३८ मध्ये चौघांची समिती नेमली गेली. पहिले स्वतः वास्तुकार बॅरी. दुसरे हेन्री डी ला बीच, ब्रिटनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे प्रमुख. तिसरे चार्ल्स हॅरियट स्मिथ, दगड हाताने घडवलेले शिल्पकार-पाथरवट. चौथे विल्यम स्मिथ, वय वर्षे ६९.

इतिहासाच्या दृष्टीने या यादीतील सर्वांत लक्षणीय नाव चौथे आहे.

५.
विल्यम स्मिथ हे खेड्यातील लोहाराचे पुत्र. कालव्यांची मोजणी करता करता त्यांच्या ध्यानात आले, की भूस्तरांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक स्तर त्यातील जीवाश्मांवरून ओळखता येतो. याच तत्त्वावर त्यांनी १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भव्य भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. १८१९ मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. १८३१ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीने पहिले वोलास्टन पदक त्यांना देऊन उशिराने का होईना, त्यांचा मान राखला. एकसारखे दिसणारे दोन चुनखडक वेगवेगळ्या काळांचे असू शकतात, हे इंग्लंडला शिकवणारा माणूस आता संसदेसाठी दगड शोधायला निघाला होता.

६.
समितीपुढील प्रश्न समजून घेण्यासाठी चुनखडक म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. शुद्ध चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते बहुधा कॅल्साइट या खनिजाच्या रूपात असते. परंतु त्याची घडण अनेक प्रकारची असते. पोर्टलंड आणि बाथ येथील चुनखडक माशांच्या अंड्यांसारख्या इवल्याशा गोल कणांचे बनलेले आहेत; त्यांना ऊलाइट म्हणतात. काही चुनखडक शिंपल्यांच्या चुऱ्याचे असतात. काही इतके बारीक पोताचे, की भिंगातूनही कण वेगळा दिसू नये. रासायनिक सूत्र एकच, पण सच्छिद्रता, वजन, ताकद आणि पाणी शोषण्याची क्षमता प्रत्येकाची निराळी.

७.
याशिवाय आणखी एक मोठा भेद आहे, तो रासायनिक. काही चुनखडकांत कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. ही दोन द्रव्ये वेगळी आहेत, हे अठराव्या शतकाच्या मध्यास एडिंबरोचे जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगांनी दाखवले होते. १७९१ मध्ये फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोम्य यांनी आल्प्समधील एका विचित्र खडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दिसायला चुनखडक, पण आम्लात अतिशय मंद बुडबुडणारा. पुढच्याच वर्षी निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी त्याचे पृथक्करण केले आणि दोलोम्य यांच्या नावावरून त्याला नाव मिळाले. तेच आजचे डोलोमाइट. त्या पर्वतरांगेलाही पुढे हेच नाव पडले.

८.
गंमत अशी, की इंग्लंडमधील शेतकऱ्यांना हा भेद आपल्या परीने आधीच माहीत होता. यॉर्कशरमधील डॉनकॅस्टरच्या परिसरात शेतात टाकण्यासाठी दोन प्रकारचा चुना वापरला जाई. त्यातील एक प्रकार फार जपून टाकावा लागे. जास्त पडला तर पीक जळे. रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी याचा छडा लावला आणि १७९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्या घातक चुन्यात मॅग्नेशिया होता आणि त्याचा मूळ दगड आम्लात सावकाश विरघळत होता. पुढे संसदेसाठी निवडला गेलेला दगड याच पट्ट्यातला.

९.
दोन्ही खडक ओळखण्याच्या खुणा आजही त्याच आहेत.

▪ आम्ल: थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कॅल्साइट जोराने फसफसतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डोलोमाइटचा सलग तुकडा जेमतेम बुडबुडतो. त्याची पूड केली किंवा आम्ल गरम केले, तरच तो खुलून प्रतिसाद देतो.
▪ काठिण्य: मोह्स यांच्या मापावर कॅल्साइट ३, डोलोमाइट ३.५ ते ४.
▪ विशिष्ट गुरुत्व: कॅल्साइट सुमारे २.७१, डोलोमाइट सुमारे २.८५.

म्हणजे डोलोमाइट अधिक जड, अधिक कठीण आणि आम्लाला दाद न देणारा. कागदावर पाहता इमारतीसाठी आदर्शच.

१०.
समितीने आधी बंद खोलीत बसून निर्णय घेतला नाही, ही तिची थोरवी. १८३८ च्या उन्हाळ्यापासून सदस्य इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडले. सुमारे शंभर खाणी पाहिल्या, नमुने गोळा केले, दर आणि वाहतूक खर्चाची चौकशी केली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच दगडात पूर्वी बांधलेल्या जुन्या चर्च, किल्ले व वाडे यांची आजची अवस्था तपासली. प्रयोगशाळेत शंभर वर्षे उभी करता येत नाहीत. जुनी भिंत मात्र पाचशे-सातशे वर्षांचा प्रयोग आयता समोर ठेवते. इतिहासाची वास्तू हाच पुरावा, ही दृष्टी या अहवालात ठायी ठायी दिसते.

११.
या भटकंतीतून उलटसुलट साक्षी मिळाल्या. ऑक्सफर्डमधील हेडिंग्टन दगडाच्या महाविद्यालयीन इमारती पापुद्रे सुटून केविलवाण्या झाल्या होत्या. नॉटिंगहॅमशरमधील साउथवेल मिन्स्टरचे बाराव्या शतकातील नॉर्मन बांधकाम मात्र सुबक शाबूत होते. कोरीवकामाच्या कडा जणू कालच घडवल्यासारख्या. हा दगड मॅग्नेशियमयुक्त चुनखडकाचा होता. पण त्याच जातीच्या दगडाच्या यॉर्कमधील चर्चच्या नक्षी पुसट झालेल्या आढळल्या. शहराचा धूर आणि खेड्यातील हवा यांचा दगडावर वेगळा परिणाम होतो, याचीही नोंद समितीने केली.

ही नोंद लक्षात ठेवावी. पुढील सारी शोकांतिका तिच्यातच दडलेली आहे.

१२.
गोळा केलेले नमुने लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेले. तिथे दोन नामवंत प्राध्यापक होते. जॉन फ्रेडरिक डॅनियल, ज्यांचा विद्युतघट आजही शालेय पुस्तकांत भेटतो. आणि चार्ल्स व्हीटस्टन, ज्यांच्या नावाचा सेतू भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. त्यांनी प्रत्येक दगडाचे रासायनिक पृथक्करण केले, विशिष्ट गुरुत्व काढले, दगड किती पाणी पितो ते मोजले आणि किती दाबाखाली तो चिरडतो तेही पाहिले. एका राष्ट्रीय वास्तूचा दगड निवडण्यासाठी रसायन आणि भौतिकी यांचा इतका पद्धतशीर वापर तोवर क्वचितच कुणी केला होता.

१३.
आणखी एक परीक्षा होती, फ्रेंच खनिजतज्ज्ञ ब्रार यांनी सुचवलेली. दगडाचा तुकडा सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवून बाहेर ठेवायचा. पाणी उडून जाते, क्षाराचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून छिद्रांच्या भिंती रेटतात. ही क्रिया पुन्हा पुन्हा केली, की कच्च्या दगडाचा भुगा गळू लागतो. गळालेला भुगा तोलायचा: जितका कमी, तितका दगड टिकाऊ. थंडीत दगडात मुरलेले पाणी गोठून प्रसरण पावते, त्या आघाताची ही नक्कल मानली जाई. म्हणजे दगडावर हिमाचा मारा प्रयोगशाळेत घडवण्याची युक्ती.

१४.
१८३९ च्या मार्चमध्ये अहवाल सादर झाला. वालुकाश्मापेक्षा चुनखडकाला पसंती मिळाली: रंग एकसारखा, पोत एकजिनसी, घडवायला सोपा. चुनखडकांतही जे अधिक स्फटिकमय, ते श्रेष्ठ. डॅनियल यांच्या मते मॅग्नेशियमयुक्त चुनखडकात दोन्ही कार्बोनेटांचे रासायनिक प्रमाण जितके समसमान, तितका दगड उत्तम. या कसोटीवर डर्बीशरमधील बोल्सोव्हर मूरचा दगड अव्वल ठरला. त्यात सुमारे ५१ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि सुमारे ४० टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट होते. तुलनेने पोर्टलंडच्या दगडात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटच. बोल्सोव्हरचा दगड जड होता, भक्कम होता, पाणीही कमी पीत होता. शिफारस झाली.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला विल्यम स्मिथ यांचे निधन झाले. आपण निवडलेल्या दगडाची पुढची कहाणी त्यांना पाहावी लागली नाही.

१५.
पहिली अडचण लगेच आली. बोल्सोव्हरच्या खाणीतून हव्या त्या आकाराचे मोठे ठोकळे निघेनात. मग शोध त्याच पट्ट्यातून उत्तरेकडे सरकला आणि यॉर्कशरमधील ॲन्स्टन येथे थांबला. तिथला दगडही मॅग्नेशियमयुक्त, रासायनिक घडण जवळपास तीच. ठोकळे मोठे आणि दर परवडणारा. तो चेस्टरफील्ड कालव्याने ट्रेंट नदीपर्यंत, तिथून समुद्रमार्गे थेम्सवर येऊ लागला. २७ एप्रिल १८४० रोजी बॅरी यांच्या पत्नीच्या हस्ते पायाभरणी झाली.

इथे एक सूक्ष्म चूक घडली. प्रयोगशाळेने पारखला होता बोल्सोव्हरचा नमुना. बांधकामाला लागला ॲन्स्टनचा दगड. रसायन जुळले म्हणून गुणही जुळतील, असे गृहीत धरले गेले.

१६.
दुसरी चूक अधिक गंभीर. एकाच खाणीतील सगळे थर सारखे नसतात. एक थर ठणठणीत, त्याच्या वरचाच ठिसूळ किंवा भेगाळलेला. कोणता ठोकळा घ्यावा आणि कोणता टाकावा, हे अनुभवी पाथरवट हातोडीच्या नादावरून सांगतो. खाणीवर असा पारखी माणूस नेमावा, असा आग्रह चार्ल्स स्मिथ यांनी धरला होता. पण त्याच्या मानधनाचा भार कोणी उचलायचा, यावर घोडे अडले आणि नेमणूक झालीच नाही. परिणामी चांगला-वाईट सगळा दगड लंडनला पोहोचला. काही ठोकळे भिंतीत नैसर्गिक थर आडवा न ठेवता उभा करून बसवले गेले. असा दगड पुस्तकाच्या पानांसारखा पदराने सुटत जातो.

१७.
इमारत अजून पुरी झाली नव्हती, तेवढ्यात दगडाला व्रण दिसू लागले. कुठे पापुद्रे सुटले, कुठे खळगे पडले. चमत्कारिक गोष्ट म्हणजे, पावसाचा मारा थेट झेलणाऱ्या भागांपेक्षा कंगोऱ्यांखालच्या आडोशाच्या जागा अधिक कुजत होत्या. बॅरी यांचे निधन १८६० मध्ये झाले आणि १८६१ मध्ये दगडाच्या ऱ्हासाची कारणे शोधायला सरकारला स्वतंत्र समिती नेमावी लागली. दगड वाचवण्यासाठी निरनिराळे लेप सुचवले गेले, काही लावूनही पाहिले गेले. टिकाऊ इलाज सापडला नाही.

१८.
कारण हवेत होते. लंडनमधील लक्षावधी चुली आणि कारखाने दगडी कोळसा जाळत. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड बने आणि ओल मिळताच त्याचे गंधकाम्ल होई. १८५२ मध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी मँचेस्टरच्या पावसातील आम्लाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आम्लवर्षा हा शब्दही पुढे त्यांच्याच लेखनातून रूढ झाला.

आता पोर्टलंड आणि ॲन्स्टन यांतील खरा भेद पाहा. कॅल्शियम कार्बोनेटवर गंधकाम्लाची क्रिया झाली, की जिप्सम बनते. ते पाण्यात फार थोडे विरघळते, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. पण मॅग्नेशियम कार्बोनेटपासून मॅग्नेशियम सल्फेट बनते. तेच औषधाच्या दुकानातील एप्सम मीठ. ते लिटरभर पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळते.

१९.
हे विरघळलेले मीठ ओलीबरोबर दगडाच्या छिद्रांत खोल शिरते. दगड वाळला, की त्याचे स्फटिक बनतात, फुगतात आणि दगडाला आतून फोडतात. उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. आडोशाला ते साचत राहते. आडोशाच्या जागा अधिक का कुजल्या, याचा उलगडा इथे होतो.

म्हणजे ब्रार यांच्या परीक्षेत जे घडवले जात होते, तेच भिंतीत घडत होते. फरक इतकाच, की प्रयोगात क्षार बाहेरून आणून दगडात मुरवला जाई आणि ओळीने काही दिवसच त्याची परीक्षा होई. लंडनच्या धुरात हा दगड स्वतःच्या घटकांतून स्वतःचा मारेकरी क्षार तयार करत होता, आणि तोही वर्षानुवर्षे.

२०.
आता साउथवेल मिन्स्टर आठवावे. तिथला दगड सात शतके टिकला, कारण खेड्याच्या हवेत गंधकाचा धूर नव्हता. आम्लाला मंद उत्तर देणारा डोलोमाइट खाणीच्या परीक्षेत शहाणा ठरतो. पण मंद याचा अर्थ अजिबात नाही असा होत नाही. घटकेच्या परीक्षेत जो फरक गुण वाटतो, तो शतकाच्या हिशेबात पुसला जातो, आणि मग प्रश्न उरतो क्रियेतून निर्माण होणाऱ्या क्षाराचा. समितीने दगड अचूक मोजला. ज्या हवेत तो उभा राहणार होता, ती हवा मात्र तिने मोजली नाही, केवळ नोंदवली.

२१.
तरीही सगळा दोष रसायनाच्या माथी मारता येत नाही. लंडनच्याच जर्मिन स्ट्रीटवर १८५१ मध्ये प्रात्यक्षिक भूशास्त्राचे संग्रहालय उघडले. समितीने देशभरातून जमवलेले दगडांचे नमुने त्याच्या संग्रहात होते. या संग्रहालयाच्या दर्शनी भागालाही ॲन्स्टनचाच दगड वापरला होता, मात्र पारखून घेतलेला. धूर तोच, दगड तोच. तरी ती भिंत दीर्घकाळ चांगल्या स्थितीत राहिली. पुढील पिढ्यांतील बांधकामतज्ज्ञ हे उदाहरण वारंवार देत. खाणीवर न नेमलेल्या त्या एका पारख्याची किंमत किती होती, हे ही इमारत गुपचूप सांगत होती.

२२.
विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत संसदेच्या दर्शनी भागातील दगड निखळून धोका निर्माण झाला. १९२८ मध्ये कुजलेल्या ॲन्स्टनच्या जागी रटलँडमधील क्लिप्शमचा दगड बसवण्याचे ठरले आणि पुढील अनेक वर्षे हे काम चालले. क्लिप्शम हा ज्युरासिक काळातील ऊलाइटी चुनखडक, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणजे १८३९ मध्ये मागे पडलेल्या जातीचाच दगड अखेर कामी आला. आज पर्यटक थेम्सकाठी ज्या मधाळ रंगाच्या भिंतींची छायाचित्रे काढतात, त्यांतील बराच दगड बॅरी यांनी कधी पाहिलेलाच नाही.

२३.
मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा. म्हणून इथले किल्ले, लेणी आणि घाट काळ्या पाषाणाचे. पण एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या इमारतींत त्या काळ्या दगडाच्या जोडीला पोरबंदरचा फिकट, कोरायला सोपा दगड ठिकठिकाणी वापरला गेला. तो चुनखडकच, सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा भरपूर अंश असलेला. समुद्राची खारी हवा आणि वाहनांचा धूर यांत त्या नक्षीची जपणूक करणाऱ्यांपुढे वेस्टमिन्स्टरचाच प्रश्न उभा आहे: दगड कोणता, आणि तो कोणत्या हवेत उभा आहे?

२४.
या कहाणीतून हाती काय लागते? डॅनियल आणि व्हीटस्टन यांचे आकडे चुकीचे नव्हते. विल्यम स्मिथ यांचा स्तरज्ञानाचा अधिकार वादातीत होता. जुन्या वास्तूंची साक्षही घेतली गेली होती. चुकले ते या सर्व साक्षी एकत्र वाचण्यात. यॉर्कच्या झिजलेल्या नक्षीने इशारा दिला होता, पाथरवटाने पारख्याची मागणी केली होती. दोन्ही गोष्टी अहवालांच्या पानांत आजही वाचता येतात.

पुढच्या वेळी ओट्यावर लिंबाचा डाग दिसला, तर तो पुसण्याआधी क्षणभर न्याहाळावा. ब्रिटिश संसदेच्या भिंतीवर घडले ते याहून फार वेगळे नव्हते. लिंबू तेवढे आकाशातून गळत होते.

(धागा समाप्त)